आंग धुऊन ये

"आता तिनं काय म्हटलं ते तुम्ही सांगा," वच्छला मॅडम म्हणाल्या. "तुमचं मत नको. तिचं म्हणणं. आरशात दिसतं तसं."

लोकेंद्रनं खुर्चीतल्या खुर्चीत पाय बदलले. राईस मिलमध्ये दिवसभर मशीनसमोर उभा राहणारा माणूस, इतका वेळ बसायची त्याला सवय नव्हती.

"ती म्हणते का, ड्युटीवरून घरी आली का माय तिले मागच्या दारानं बोलावते. सांदवाडीत आंग धुवाले लावते. मंग घरात घेते."

"छान. पुढे?"

"अन् तिले ते आवडत नाही."

"आवडत नाही असं म्हटलं का मी?" उर्वशी म्हणाली.

मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं. "त्यांना आठवू द्या. लोकेंद्र, काय शब्द वापरला होता तिनं?"

लोकेंद्र फिरत्या पंख्याकडे बघत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "अपमान. अपमान म्हणली."

"बरोबर. आणि हे सगळं होतं तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"तिथंच असतो जी, सांदवाडीत." एकदम त्याचा चेहरा उजळला. या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच आपल्या बाजूचं काहीतरी सापडल्यासारखा तो पुढे सरकला. "पानी तं मीच तापवतो! शनिवारी मिलमधून लवकर निघतो, चुल्हा पेटवतो, गुंडभर पानी ठेवतो, मंग तिले आणाले जातो. थंडीत कडक, उन्हाळ्यात कोमट. इचारा तिले. आमच्या गावात कोनता नवरा बायकोसाठी धुरात बसते, सांगा मले."

मॅडमच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "उर्वशी! हे तुम्ही मला आधीच्या दोन्ही बैठकांत सांगितलंच नाही."

"सांगण्यासारखं वाटलं नाही," उर्वशी म्हणाली.

गोंदियात एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या मजल्यावर ही खोली होती. एक संस्था तिथे नवरा-बायकोंची भांडणं मिटवायचं काम करायची. वच्छला मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या, नागपूरला जाऊन समुपदेशनाचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या. आरशासारखं बोलणं त्या तिथूनच शिकल्या होत्या. बाई मनानं वाईट नव्हती. फक्त तिला भांडण लवकर मिटलेलं आवडायचं, आणि भांडण मिटणं म्हणजे बाई सासरी परत जाणं, याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नव्हती.

उर्वशी एएनएम, म्हणजे सरकारी नर्स होती. चिचगडच्या पुढे जंगलात एका उपकेंद्रावर तिची नेमणूक होती आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये ती राहायची. सासर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, बोदलकसा तलावाजवळच्या गावात. शनिवारी दुपारी निघायचं, देवरीला बस बदलायची, आमगाव, गोंदिया, मग तिरोडा, आणि तिथून लोकेंद्रच्या मोटारसायकलवर घरी. इतका प्रवास करून पोचलं की सासू, राजकुमारीबाई, मागच्या दारात उभी असायची. पहिला प्रश्न ठरलेला.

"बाळंतपण केलं का बाई या हप्त्यात?"

लग्नानंतर पहिल्या महिन्यात तिनं हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला वाटलं, सासूबाई कौतुकानं विचारताहेत. तिनं भरभरून सांगितलं होतं. एक तर पायाळू होतं, तरी नीट झालं, बाळ लगेच रडलं. राजकुमारीबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "असं. मंग घरात नोको येऊ. आंग धुऊन ये."

तेव्हापासून रीत पडली. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, पेरूच्या झाडाला एक जुनी साडी बांधायची, आडोशाला. शेजारच्या घराचं छत उंच; तिथून सगळं दिसायचं. बादलीचा आवाज झाला की पलीकडून कोणीतरी म्हणायचं, "आल्या वाटते नर्सबाई." कपडे तिथेच ठेवायचे, केस धुवायचे, मग ओल्या केसांनी आत यायचं. ती क्वार्टरवरून आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून निघालेली असते, हे तिनं कितीदा सांगितलं. ज्या हातांनी ती बाळ घेते त्या हातांत मोजे असतात, आणि ते हात आधी आणि नंतर साबणानं घासले जातात. त्या घरात कोणाचेही हात तेवढे स्वच्छ नसतील. त्याचा काही उपयोग नव्हता. राजकुमारीबाई जे धुवायला सांगत होत्या ते साबणानं जाणारं नव्हतंच.

लोकेंद्रनं एकदा सोपा मार्ग सुचवला होता. "नाही केलं म्हनून टाक ना! कोन पाहाले येते तिथं जंगलात?"

उर्वशी तसं कधीच म्हणाली नाही. ज्या आठवड्यात एकही केस आली नव्हती त्या आठवड्यात ती सरळ आत गेली, आणि आली होती त्या आठवड्यात खरं सांगून पेरूच्या झाडामागे उभी राहिली. खोटं बोलायचं म्हणजे आपण काही वाईट करून आलो हे कबूल करायचं. ते तिला जमलं नाही. दिवाळीनंतर तिनं घरी येणंच बंद केलं, आणि मग सासरच्यांनी या संस्थेत अर्ज दिला.

"बघा," मॅडम म्हणत होत्या, "दोघांच्या मनात प्रेम आहे. ते पाणी तापवतात, म्हणजे तुमची काळजीच करतात. प्रश्न तसा किरकोळ आहे. आंघोळच तर आहे!"

"मॅडम, एक विचारू का यांना?"

"विचारा ना. त्यासाठीच आहोत आपण."

उर्वशी लोकेंद्रकडे वळली. "डिंपलचा पोरगा कोणी काढला?"

"तूच."

डिंपल म्हणजे लोकेंद्रची धाकटी बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जानेवारीतली सकाळ होती, उर्वशी रजेवर घरी होती. कळा इतक्या झपाट्यानं आल्या की गाडी बोलावली, पण ती यायच्या आधीच बाळाचं डोकं दिसायला लागलं. नाळेचा वेढा गळ्याभोवती होता. उर्वशीनं बोट घालून तो डोक्यावरून सोडवला. बाळ निळं होतं. तिनं पाठ चोळली, तोंड पुसलं, आणि ते रडलं. राजकुमारीबाई दाराशी उभ्या राहून रडत होत्या. "देवासारखी आली बाई तू," त्या म्हणाल्या होत्या. खरंच म्हणाल्या होत्या.

"अन् त्यानंतर काय झालं?" उर्वशीनं विचारलं.

लोकेंद्र पुन्हा पंख्याकडे बघायला लागला.

"मी सांगते मॅडम. त्यानंतर मी सांदवाडीत आंग धुतलं. जानेवारीत. घरात पेढे वाटून राहिले होते, मले आवाज येत होता. माझा पेढा मागच्या पायरीवर कागदावर ठेवला होता. मी कपडे बदलेपर्यंत त्याले मुंग्या लागल्या." ती बोलता बोलता शहरातली मराठी विसरली होती. "तेही सोडा. पुढच्या वर्षी गाय अडली होती. आठवते का तुम्हाले?"

"आठवते."

"डॉक्टर फोन उचलत नव्हता. तुम्ही कोपरापर्यंत हात घातला आत. मी दावं धरून उभी होते. वासरू ओढून काढलं तुम्ही. बनियनभर रक्त, वार, सगळं. आईनं चुल्ह्याजवळून काय आवाज देला?"

लोकेंद्रच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं, कारण ती आठवण त्याच्या आवडीची होती. मग ते तिथेच थांबलं.

"हात धू अन् ये म्हणली," तो सावकाश म्हणाला. "चहा थंडा होऊन राहिला म्हणली."

"हातच ना? आंग नाही?"

"पण उर्वशी, ते गाय हाये."

"हो. गाय आहे. मग डिंपल कोण आहे?"

खाली मेडिकलसमोर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं; ती पुन्हा पुन्हा बंद पडत होती. रक्त तेच, वार तीच, घर तेच, माणसंही तीच. बदललेली गोष्ट एकच होती, की त्या वेळी हात लोकेंद्रचा होता.

मग लोकेंद्र बोलला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी आरशासारखं बोलला.

"म्हंजे मी पानी तापवतो तं तुले असं वाटते का, मीच तुले तिथं उभं करतो."

"वाटत नाही," उर्वशी म्हणाली. "करता."

त्यानं दोन्ही तळहात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला.

हे मान्य केलं पाहिजे की त्यानंतरचा अर्धा तास वच्छला मॅडमनी चांगलं काम केलं. लोकेंद्रनं आईला काय सांगायचं ते त्यांनी त्याच्याकडूनच ठरवून घेतलं. लांबलचक नको, एकच वाक्य. 'माय, उर्वशी समोरच्या दारानं येईल.' मग त्यांनी एक रिकामी खुर्ची समोर आणून ठेवली. "ही तुमची आई. म्हणा."

लोकेंद्र उठून उभा राहिला.

"बसून म्हणा हो. उभं कशाला राहता?"

"मायसमोर बसून कसं बोलू जी?"

तो रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहिला, शर्ट खाली ओढला, आणि तीन-चारदा अडखळून ते वाक्य म्हणाला. उर्वशीला हसू आवरेना. जिन्यावरून उतरताना तीच म्हणाली, "खुर्चीनं तर ऐकलं बाप्पा तुमचं."

"खुर्ची काही बोलली नाही म्हनून," तो म्हणाला. "माय बोलन."

खाली टपरीवर त्यांनी चहा घेतला. त्यानं तिच्या उपकेंद्राबद्दल विचारलं. तिथे साप निघतात का, पाणी कुठून आणते, रात्रीची केस आली तर सोबत कोण असते. इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं, आणि त्याला नोकरीचं ते गाव कसं दिसतं हेही माहीत नव्हतं. "आशाताई असते," ती म्हणाली. "रुख्मिणी नाव आहे. तुम्हाला बघायचं आहे तिला. म्हणते, बाई, तुमचा नवरा हाये का फोटोतच हाये?" तो मोकळेपणानं हसला. बस लागली तेव्हा तो खिडकीखाली उभा राहिला आणि म्हणाला, "मी बोलतो मायशी. पक्का."

पुढच्या बैठकीला राजकुमारीबाईंना बोलावलं होतं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या, मॅडमसाठी मुरमुऱ्याचे लाडू घेऊन. आल्या आल्या त्यांनी मॅडमचं माहेर विचारलं, मग मॅडमच्या मावशीचं सासर विचारलं, आणि पाच मिनिटांत दोघींचं दूरचं नातं निघालं.

"घ्या! म्हंजे आपण घरचेच निघालो जी," राजकुमारीबाई म्हणाल्या. "मंग या पोरायचं भांडण तं चुटकीसरशी मिटन."

मॅडमनी लोकेंद्रला खूण केली. तो उठून उभा राहिला.

"बस ना बाप्पा. उभा काऊन राहिला? पाहुना हायेस का?"

"माय," तो म्हणाला. मग थांबला. उर्वशीनं मनातल्या मनात ते वाक्य त्याच्याबरोबर म्हटलं. "माय, उर्वशी समोरच्या दारानं येईल."

त्यानं म्हटलं. खरंच म्हटलं. उर्वशीचा जीव एकदम हलका झाला, आणि त्या क्षणी तिनं त्याला बाकी सगळं माफ केलं असतं.

"येवो ना," राजकुमारीबाई म्हणाल्या. "कोन अडवलं? दार का मी डोक्यावर घेऊन बसली हाये? समोरून येवो, सरळ मागं जावो, आंग धुवो, मंग चुल्ह्याजवळ येवो. एवढ्यासाठी तू मले गोंदियाले आणलं का रे?"

"बघा!" वच्छला मॅडमनी टाळी वाजवली. "किती सोपं होतं! बोललं की सुटतं, मी म्हणत होते ना?"

लोकेंद्र खाली बसला. काम झाल्यासारखा बसला. त्याला एकच वाक्य पाठ होतं, आणि ते म्हणून झालं होतं.

"आई," उर्वशी म्हणाली, "दाराचा प्रश्न नाही. मी तिकडून आंघोळ करून येते. मग पुन्हा कायले?"

"बाई, विटाळ हाये तो. तुले समजत नाही का शिकून शिकून? लोकेंद्रच्या टायमाले मी सव्वा महिना मागच्या खोलीत राहिली. खाली बोऱ्यावर. ताट दाराबाहेरून सरकवत होती माझी सासू. मले कोन गरम पानी देलं? तुले तं नवरा तापवून देते अन् तरी तुझं तोंड वाकडं!"

हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं. मॅडमना ते दिसलं नाही, उर्वशीला दिसलं. या बाईला त्या खोलीत थंडी वाजली होती, भूक लागली होती, आणि तिनं त्याचा अर्थ असा लावला होता की सगळ्यांना वाजली पाहिजे.

"आपण मधला मार्ग काढू," मॅडम म्हणाल्या. "अंगणात उघड्यावर नको, ते मलाही पटत नाही. बाथरूम आहे ना घरात? तिथे गीझर बसवा."

"बसवतो!" लोकेंद्र लगेच म्हणाला. "या हप्त्यातच बसवतो."

"झालं तर मग."

"मॅडम, पाणी कुठं ठेवायचं हे मी विचारत नाही," उर्वशी म्हणाली. "का ठेवायचं ते विचारते."

"अगं, घर म्हटलं की थोडं इकडे तिकडे होतंच. आणि चुलीपासून तेवढा वेळ सुटका होत असेल ना, तर मी तर दिवसातून दोनदा आंघोळ करीन बाई!"

राजकुमारीबाई खळखळून हसल्या. मॅडमही आपल्या विनोदावर हसल्या. आणि लोकेंद्र हसला. अगदी थोडंसं, सुटल्यासारखं, खोलीतलं वातावरण सैल झालं म्हणून. त्यात वाईट हेतू नव्हता. मागच्या आठवड्यात याच खुर्चीत बसून स्वतःच्या तळहातांकडे बघणारा माणूस तोच होता. उर्वशीनं त्याला हसताना पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"अन् मी का दुश्मन हाये हिची?" राजकुमारीबाई आता रंगात आल्या होत्या. "डिंपलले दुसरं हाये, नववा सरत आला. येत्या सोमवारी आणतो तिले घरी. मीच म्हणली, घरात आपली नर्स हाये तं पोरीले दवाखान्यात कायले न्या? आपल्या मानसाचा हात तो आपल्या मानसाचा. हिच्या हाताले यश हाये, मॅडम. सांगते मी."



"म्हणून अर्ज केला का?" उर्वशीनं लोकेंद्रला विचारलं. "डिंपलचं बाळंतपण आलं म्हणून?"

"तसं नाही. मले वाटलं, त्या निमित्तानं तू येशील."

"तुम्हाले माहीत होतं."

"उर्वशी, मी तुले आणाले पाहत होतो ना. कसंही करून."

तो खरं बोलत होता, आणि हे त्याला चांगलं कामच वाटलं होतं. पाणी तापवणं वाटायचं तसंच.

वच्छला मॅडम उठल्या. संस्थेची एक पद्धत होती. भांडण मिटलं की नवरा-बायकोनं भिंतीवरच्या फलकाखाली उभं राहायचं, नवऱ्यानं बायकोला गुलाब द्यायचा, फोटो काढायचा. तो मग संस्थेच्या ग्रुपवर जायचा. खाली लोक हात जोडायचे आणि फुलं पाठवायचे. कपाटावर ग्लासात गुलाब तयार होता. आज सकाळीच आणून ठेवलेला, म्हणजे बैठक सुरू व्हायच्या आधी. मॅडमनी तो लोकेंद्रच्या हातात दिला.

"मी फोटो काढणार नाही," उर्वशी म्हणाली.

"असं काय करता? इतक्या शिकलेल्या तुम्ही. मन थोडं मोठं करावं लागतं, संसार आहे."

"मॅडम, यांच्या मुलीच्या पोटातून बाळ काढायला माझा हात चालतो. त्याच हातानं यांच्या ताटात भात वाढला तर काय होतं, एवढंच मला कोणीतरी सांगा. मग मी उभी राहते फोटोत."



"रीत हाये बाई," राजकुमारीबाई शेवटी म्हणाल्या. आवाज आता हसरा नव्हता. "रीत मोडाले आली का तू आमच्या घरात?"

"नाही मोडत. तुमची रीत तुम्ही ठेवा. मी येत नाही." तिनं पर्स उचलली. "अन् डिंपलले घरी बाळंत करायचं नाही. पहिल्या वेळेस नाळ गळ्याभोवती होती, दर वेळेस नशीब चालत नाही. तिरोड्याच्या दवाखान्यात न्या. मले फोन करा, मी रजा टाकून येईन. पण दवाखान्यात येईन."

ती जिना उतरली. लोकेंद्र मागे आला नाही. हातात गुलाब धरून तो फलकाखाली उभा राहिला होता. कोणाला द्यावा हे त्याला कळत नव्हतं.

दिवस भरले तेव्हा डिंपलनं स्वतःच फोन केला. रुख्मिणीवर उपकेंद्राची काळजी सोपवून उर्वशी पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघाली. ती तिरोड्याच्या दवाखान्यात पोचली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि डिंपल कळा देत होती. तिथल्या सिस्टर चांगल्या होत्या. उर्वशी नातेवाईक म्हणून उशाशी उभी राहिली, तिनं डिंपलला हात धरू दिला, आणि कधी जोर लावायचा, कधी थांबायचं एवढंच कानात सांगत राहिली. नाळेचा वेढा नव्हता. मुलगी झाली, चांगली वजनदार. सिस्टरनी पुसून गुंडाळून ती उर्वशीच्या हातात दिली, आणि उर्वशीनं बाहेर नेऊन राजकुमारीबाईंच्या. त्यांनी ती घेतली. नातीच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर हलत नव्हती. ती कोणाच्या हातातून आली हे त्या वेळी त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

दुपारी वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्या सांगत होत्या, "हे आमची सून. नर्स हाये चिचगडकडं. पहिला नातू हिच्याच हातावर पडला जी. पहाटेची निघाली हाये पोरगी, एक घोट पानी नाही प्याली."

मग त्या उर्वशीला बाहेर घेऊन आल्या. लोकेंद्र पायऱ्यांजवळ मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवत उभा होता. उर्वशीला बघून त्यानं ती मुठीत धरली.

"चाल बाई आता," राजकुमारीबाई म्हणाल्या. "झालं गेलं सोड. डिंपलची सासू येऊनच राहिली, ते थांबन तिच्याजवळ. तू घरी चाल, दोन घास खा, पाठ टेक. लोकेंद्र, बाबाले फोन लाव. पानी ठेवाले सांग हिच्यासाठी."

त्यांच्या आवाजात माया होती. खोटी नव्हती. दमलेल्या लेकीशी बोलावं तशा त्या बोलत होत्या, आणि उर्वशीला वाटलं, या बाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर असतं.

लोकेंद्रनं फोन लावला.

"हॅलो, बाबा? पोरगी झाली. हो. दोघी बऱ्या हायेत. हो, निघूनच राहिलो." पलीकडून त्याचे वडील लक्ष्मीचंद काहीतरी विचारत होते. लोकेंद्रनं उर्वशीकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही आणि मदतही केली नाही. जिन्यात एक आया फरशी पुसत होती. ती त्यांच्या पायांजवळ येऊन थांबली, मग बाजूनं पुसत पुढे गेली.

"नाही," तो फोनमध्ये म्हणाला. "पानी नोका ठेवू."

राजकुमारीबाईंनी मान वर केली.

"दोघंच येऊन राहिलो. मी अन् माय. दोघायचाच भात ठेवा."

त्यानं फोन खिशात ठेवला. आईच्या मनाविरुद्ध त्यानं फोनवर सांगितलेली ही कदाचित पहिलीच गोष्ट असेल. पण त्यानं बायकोची बाजू घेतली, की तिला घरातून वजा केलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो उर्वशीला म्हणाला, "मी..." आणि पुढचं त्याला सापडलं नाही. राजकुमारीबाई पायऱ्या उतरायला लागल्या होत्या. त्यांचा गुडघा दुखत होता. तो धावत जाऊन त्यांना हात द्यायला लागला.

उर्वशी वॉर्डात परतली. डिंपल उशीला टेकून बसली होती. खिचडीचं ताट मांडीवर होतं, मुलगी कुशीत झोपली होती.

"दादा गेला?"

"गेला."

"तू नाही गेली?"

"नाही."

डिंपलनं मुलीच्या कपाळावरचं टोपरं सरळ केलं. बराच वेळ ती त्या टोपऱ्याच्या नाडीशीच खेळत राहिली.

"वहिनी, मले माय घरी नेऊन सव्वा महिना मागच्या खोलीत ठेवन. पोराच्या टायमाले ठेवलं होतं. ताट दाराबाहेरून सरकवत होती. मले तवा काहीच नाही वाटलं."

"माहीत आहे मला."

"आता वाटून राहिलं."

उर्वशी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन हात धुऊन आली. डिंपलनं ताट मांडीवरून उचललं आणि खाटेच्या मधोमध ठेवलं.

"बस. तू पण जेवली नाहीस."

उर्वशी खाटेच्या काठावर बसली. खिचडी निवत आली होती. दोघी एकाच ताटात जेवल्या, सावकाश, बाळ उठू नये म्हणून आवाज न करता.